टाक्यांचे चौदा दिवस

बँकेत असताना माझ्या टेबलावर एक जाड डायरी असे. कोणाची मुदत ठेव कोणत्या तारखेस पिकते, कोणत्या कर्जाचा हप्ता केव्हा येणे आहे, याची नोंद मी तीत स्वहस्ते करीत असे. निवृत्तीनंतर डायरी पातळ झाली, सवय मात्र गेली नाही. गेल्या वर्षी याच डायरीतील एका तारखेने मला चांगलेच जेरीस आणले. ती तारीख कोणत्याही ठेवीची नव्हती. आमच्या घरात आलेल्या बिट्टीच्या, म्हणजे एका पिल्लाच्या, नसबंदीची होती.

बिट्टी आली ती जून 2025 मध्ये, पहिल्या पावसात. मेहरूण तलावाकडे सकाळी फिरावयास गेलो असता नातीने तिला झुडपाखालून उचलले आणि घरी आणल्यावरच खाली ठेवले. पशुवैद्यांनी तिचे ओठ वर करून दात पाहिले, वजन केले आणि वय सुमारे आठ आठवडे असावे असा अंदाज दिला. त्या हिशेबाने जन्म एप्रिलच्या मध्यास धरला. जन्मदाखला नसलेल्या खातेदाराचे वय आम्ही कसे ठरवीत असू, याची मला त्या वेळी आठवण झाली. लसी सुरू झाल्या. रेबीजची लस तिसरा महिना पूर्ण झाल्यावर दिली. नसबंदीचा विचार ती सहा महिन्यांची होताना करू, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवले.

सहा महिने म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. आणि त्याच सुमारास घरात यात्रेचा बेत ठरलेला होता. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते व कार्तिकी पौर्णिमेस ती पुन्हा सुरू होते, हे वाचकांना सांगावयास नको. गेल्या वर्षी ती पौर्णिमा 5 नोव्हेंबरला होती. सौ. च्या गुडघ्यांची अवस्था लक्षात घेता साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या डोलीतूनच चढाव्या लागणार होत्या. पण त्या दिवशी दोघांनी मिळून वर जावे, ही तिची बरीच वर्षांची इच्छा. मी नोकरीत असताना प्रत्येक वेळी सहामाहीचे काम, बदली किंवा तपासणी आडवी आली होती. या वेळी आडवे येण्यासारखे काही उरले नाही, असे मी तिला सांगून बसलो होतो. शनिवार 1 नोव्हेंबरला निघून 10 तारखेस परतावयाचे, असे ठरले.

चिरंजीवांनी मार्ग सुचवला तो वरकरणी फार सोयीचा होता. निघण्याच्या दोन दिवस आधी शस्त्रक्रिया उरकावी, बिट्टीला थेट कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवावे. आपण परत येईतो टाके काढावयास येतील. एका दगडात दोन पक्षी. (हा वाक्प्रचार आपल्या घरात का वापरला जातो, हे मला आजवर कळलेले नाही.)

डॉक्टरांनी हे ऐकून घेतले आणि नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की शस्त्रक्रिया ही तासाभराची गोष्ट असते. खरे काम पुढील दहा ते चौदा दिवसांचे. उडी मारू द्यावयाची नाही, जिना चढू द्यावयाचा नाही, आंघोळ नाही, जखम चाटू द्यावयाची नाही, म्हणून गळ्यात ती प्लॅस्टिकची मोठी कॉलर. रोज टाक्यांकडे पाहावयाचे. सूज, स्राव, दुर्गंधी, अन्न सोडणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी यावयाचे. "टाके मी घालीन, पण रात्री तिच्याजवळ कोण असणार ते मला आधी सांगा," असे ते म्हणाले. अनोळखी जागा, भोवती भुंकणारी परकी कुत्री आणि पोटावर ताजी जखम, ही अवस्था पिल्लासाठी कशी असेल याचा विचार आम्ही केलाच नव्हता. आम्ही शस्त्रक्रियेची तारीख शोधत होतो. शोधावयास हवा होता तो घरातील एक रिकामा पंधरवडा.

मग तारीख पुढे का ढकलू नये? येथे शरीराचे पंचांग आडवे येते. कुत्री साधारणपणे सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते; लहान चणीची लवकर, मोठ्या चणीची उशिरा. माजाचा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका अधिक, म्हणून बहुतेक डॉक्टर त्यानंतर दोन-तीन महिने थांबावयास सांगतात. आणि त्या तीन आठवड्यांत फाटक एकदा उघडे राहिले की सुमारे त्रेसष्ट दिवसांनी घरात पिल्ले. पहिल्या माजापूर्वी नसबंदी झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोका फार कमी राहतो, असे 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासापासून सांगितले जाते. त्यातील आकडे असे होते: माजापूर्वी केल्यास धोका अर्ध्या टक्क्यावर, एका माजानंतर आठ टक्क्यांवर, दोन माजांनंतर सव्वीस टक्क्यांवर. 2012 मधील एका फेरतपासणीत हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असे आढळले. उलट लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असेही कॅलिफोर्नियातील अभ्यासक सांगतात. म्हणजे सहा महिने हा आकडा सर्व कुत्र्यांना लागू होणारा व्याजदर नव्हे. बिट्टी आपली गावठी, मध्यम चणीची; तिच्यासाठी डॉक्टरांना पाच ते सात महिन्यांचा काळ योग्य वाटला.

तारीख बेमुदत पुढे ढकलण्यास मी तयार नव्हतो, याला दुसरेही कारण होते. धुळ्यास शाखेत असताना आमच्याकडे राणी नावाची कुत्री होती. तिची नसबंदी आम्ही केली नाही. आधी ती लहान आहे म्हणून, मग मुलाची परीक्षा म्हणून, मग लग्नसराई म्हणून, आणि पुढे निसर्गाच्या कामात आपण हात का घालावा म्हणून. ती आठ वर्षांची असताना मे महिन्यात पाणी फार पिऊ लागली. खानदेशात मे महिन्यात कोण पाणी पीत नाही? ती मलूल झाली, तेही उन्हावर घातले. आम्ही एका लग्नासाठी पाच दिवस इंदूरला गेलो आणि तिला शेजाऱ्यांकडे ठेवले. परतलो तेव्हा तिचे पोट फुगलेले होते. गर्भाशयात पू झाला होता. पायोमेट्रा हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, विशेषतः वय वाढलेल्या कुत्रीत, हा रोग होतो आणि जास्त पाणी पिणे हे त्याचे एक लक्षण असते. महिनाभरापूर्वी ती माजावर येऊन गेली होती, हेही तेव्हाच ध्यानात आले. रात्रीतून शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री ती गेली. आपल्याकडे प्रमाद असा एक शब्द आहे. राणीच्या बाबतीत माझ्या हातून जे घडले त्याला मी अन्य नाव देऊ शकत नाही.

तरीही सौ. चा प्रश्न शिल्लक होता. "अहो, तिच्या देहाला छेद देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?" हा प्रश्न तिने पर्युषणात विचारला, आणि त्याच आठवड्यात, 22 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयीचा सुधारित आदेश आला: पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे. 2001 चे आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही हेच सांगतात. पूर्वीचा उपाय सरळ ठार मारण्याचा होता. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले, हा इतिहास आहे. मी तिला एवढेच म्हणालो की एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात, त्यांतील किती महामार्ग ओलांडतात ते आपण रोज पाहतो. तिच्या प्रश्नाचा शास्त्रीय निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही, आणि ती निरुत्तर झाली असेही नाही. पण राणीच्या दुसऱ्या रात्री तीच तिच्याजवळ बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "करायचेच तर मी घरात असताना करा."

मग डायरी उघडली. दसरा 2 ऑक्टोबरला. शनिवारी 4 तारखेस शस्त्रक्रिया, 16 तारखेस टाके, 17 ला वसुबारस. फटाके सुरू होण्यापूर्वी जखम भरलेली, आणि यात्रेस निघताना बिट्टी ठणठणीत. मग तिला शेजारी ठेवण्यास हरकत नव्हती. इतका नेटका हिशेब मी ताळेबंदातही जुळवला नसेल.

1 ऑक्टोबरला भूल देण्यापूर्वीची रक्ततपासणी झाली. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट दोन लाखांच्या वर असतात. बिट्टीच्या सत्तर हजार निघाल्या. गोचीड ताप. पावसाळ्यात अंगावर दिसलेल्या दोन-चार गोचिडी आम्ही काढून टाकल्या होत्या आणि विसरलो होतो. ती खातपीत होती, खेळत होती. तपासणीशिवाय हे कळले नसते, आणि त्या अवस्थेत पोट उघडले असते तर रक्त थांबणे कठीण झाले असते. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या संपणार ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे यात्रेच्या तोंडावर.

आता प्रश्न शस्त्रक्रियेचा राहिला नाही. साडेसहा महिन्यांची, आजारातून नुकती उठलेली, कोणत्याही दिवशी माजावर येऊ शकणारी कुत्री दहा दिवस कोणाच्या हवाली करावयाची? शेजारच्या घरी लहान मुले आहेत, फाटक दिवसभर उघडे. वसतिगृहात इतर नर. सोबत नेणे तर शक्यच नव्हते. रेल्वेत कुत्र्यास नेण्यासाठी प्रथम वर्ग वातानुकूलितचा संपूर्ण कूपे घ्यावा लागतो किंवा गार्डाच्या डब्यातील पेटी, आणि पुढे धर्मशाळेत तिला कोण ठेवून घेणार? सूनबाई म्हणाल्या, मी थांबते. नात म्हणाली, दादाजी, मी थांबते. सौ. काहीच म्हणाली नाही. ते मला अधिक कळले.

मी थांबलो. स्टेशनवर तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी आजवर आडव्या आलेल्या सर्व तपासण्यांची यादी मनात मोजली व तीत एका पिल्लाची भर घातली. 5 तारखेस पहाटे मी आणि बिट्टी अंगणात बसलो होतो. दुपारी वरून फोन आला. गर्दीचा आवाज एवढा होता की ती काय बोलते ते नीट ऐकू येईना, शेवटी एक वाक्य स्पष्ट आले: "तिने गोळी खाल्ली का?" गोळ्या आठवडाभरापूर्वीच संपल्या होत्या. मी हो म्हणालो.

12 नोव्हेंबरच्या तपासणीत प्लेटलेट अडीच लाख निघाल्या. बिट्टी माजावर आलेली नव्हती. शनिवारी 15 तारखेस शस्त्रक्रिया झाली. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास सौ. ने मला हलवून उठवले. कॉलर सुटून पडली होती आणि बिट्टी टाके चाटत बसली होती. एक टाका सैल, भोवती लाली. सकाळी डॉक्टरांनी जखम स्वच्छ केली, औषध बदलले. आणखी दोन तासांनी कळले असते तर पुन्हा भूल द्यावी लागली असती, असे ते म्हणाले. त्यानंतर सौ. ने आपली गादी बिट्टीच्या पोत्याशेजारी जमिनीवर टाकली, गुडघ्यांचे काय होईल याची पर्वा न करता. 29 तारखेस टाके निघाले.

ज्यांच्याकडे सध्या पिल्लू आहे आणि सुटीचे बेत चालले आहेत, त्यांनी डॉक्टरांकडे जाताना प्रवासाच्या तारखा लिहून न्याव्यात आणि रक्ततपासणी महिनाभर आधीच करून घ्यावी. गोचीड निघाली तर हाताशी वेळ राहतो. आम्ही ती तीन दिवस आधी केली होती.

यंदा कार्तिकी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. ती तारीख मी डायरीत लिहिली आहे. सौ. ने तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: दोन तिकिटे.