मीटरच्या पुढे कायदा संपतो काय?

एप्रिल लागला की साखरखेर्ड्यातील आमच्या वस्त्यांमध्ये घराघरांपुढे लोखंडी कूलर उभे राहतात. टिनाच्या घरात दुपार काढायची तर दुसरा उपाय नाही. त्याच कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो आणि पाणी भरायला गेलेली बाई किंवा लेकरू चिकटते. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या छापून येतात. मग नातेवाईक आम्हाला विचारतात, "वकीलसाहेब, एमसीबी तर लावला होता, मग तो पडला का नाही?"

बांधवांनो, एमसीबी माणसासाठी नाहीच. तो वायरसाठी आहे. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त भार झाल्यावरच पडतो. माणसाच्या छातीतून एक दशांश अँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकते, आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. माणूस वाचवणारे यंत्र वेगळे, त्याचे नाव आरसीसीबी. एका तारेने गेलेली वीज दुसऱ्या तारेने पूर्ण परत आली नाही, म्हणजे कुठेतरी गळाली, हे ते ताडते आणि गळती 30 मिलिअँपिअर होताच पुरवठा तोडते. किंमत कूलरपेक्षा कमी.

एमसीबीच्या आकड्याचीही तीच गत. आकडा घरातील भारापेक्षा मोठा पण वायरच्या कुवतीपेक्षा लहान हवा. आपल्याकडे 10 चा एमसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन 32 चा ठोकतो. आता एमसीबी पडत नाही, त्याच्याऐवजी दीड एमएमची वायर तापते, आणि तीही भिंतीत, डोळ्याआड.

हे अज्ञान गरिबाचे म्हणून सोडून देता आले असते. पण कायद्याने काय केले? 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम 61-अ ने गळती तोडणारे यंत्र सक्तीचे केले, आणि 5 किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांतही तीच मर्यादा राहिली, पुढे ती खाली आणली गेली. पाच किलोवॅट कोणाच्या घरात? एक बल्ब, एक पंखा, एक कूलर असलेल्याच्या नव्हे. गरिबाच्या जिवाला करंट कमी लागतो, असे नियम करणाऱ्यांना वाटले असावे!

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात विजेचे खाते बाबासाहेबांकडे होते. देशाच्या वीज धोरणाची पायाभरणी त्यांनी केली. त्यांच्याच नावाने 14 एप्रिल 2021 पासून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना 500 रुपये अनामत, तीही हप्त्याने, घेऊन वीज देणारी जीवन प्रकाश योजना निघाली. तिच्या अर्जाला परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडायचा होता. हाच खरा कागद. वायरिंग तपासले, अर्थिंग तपासले, याची ती लेखी हमी. प्रत्यक्षात कंत्राटदार घरात पाऊल न टाकता सही करतो, हे आम्ही नोंदीला आलेल्या एकापेक्षा जास्त प्रकरणांत पाहिले.

ग्राहकाच्या जागेत वापरण्याजोगे अर्थिंगचे टर्मिनल देणे व ते नीट राखणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. 1956 च्या नियमांतही होती, 2010 च्या नियमांतही. आपल्या मीटरपाशी ते आहे काय, आजच पाहा. नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी मागितलेल्याला न्यायालयात किंमत नाही. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैल कुमारी या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेबद्दल पुरवठादारावर कठोर दायित्व टाकले. पण घरातल्या अपघातात वीज कंपनीचा वकील मीटरकडे बोट दाखवतो, 'याच्या पुढे ग्राहकाची जबाबदारी.' तेव्हा टर्मिनलची ती पोच आणि तो खोटा चाचणी अहवाल, हेच आपले हत्यार.

आणि दुर्दैवाने कोणी गेलेच, तर रडत रडत कूलर उचलून फेकू नका, बोर्ड बदलू नका. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी मागा. एमसीबी कितीचा होता, आरसीसीबी होता काय, अर्थिंगची तार कुठे जाऊन संपते, हे पोलिसांना पंचनाम्यात लिहायला लावा. ते लिहिल्याशिवाय पंच म्हणून सही करू नका.