शाळेत पत्ते खेळू द्यावेत

माझ्या वर्गातील मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

मथळा वाचून रागावू नका. आधी सगळे वाचा, मग काय बोलायचे ते बोला.

आमच्या वर्गात पत्त्यांचा एक कॅट आहे. तो दुकानातून आणलेला नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून तो आम्ही आणि गुरुजींनी मिळून केला. त्यात राजा, राणी, गुलाम कोणी नाही. त्यात हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन अशी मंडळी आहेत. यांना मूलद्रव्ये म्हणतात. जगातल्या सगळ्या वस्तू मूलद्रव्यांच्या झालेल्या असतात. आजपर्यंत ११८ मूलद्रव्ये माहीत झाली आहेत. आमच्या कॅटमध्ये फक्त ८ आहेत, पण तेवढ्यात पुष्कळ काम होते.

काही मोठ्या माणसांचे म्हणणे असे की, शाळेत पत्ते नकोत, मुले बिघडतील. माझे मत तसे नाही. माझ्या मते हे पत्ते प्रत्येक शाळेत असावेत. आमच्या तारापूरच्या बाजूला तर असावेतच. का ते सांगतो.

पहिल्यांदा खेळ समजून घ्या. कॅटमध्ये ५२ पत्ते आहेत. हायड्रोजन १६, ऑक्सिजन १०, कार्बन ६, क्लोरीन ६, नायट्रोजन ४, सोडियम ४, कॅल्शियम ४ आणि हेलियम २. बेरीज करून बघा, बरोबर ५२ येते. प्रत्येक पत्त्यावर हात काढलेले आहेत. हायड्रोजन, सोडियम आणि क्लोरीन यांना एकेक हात. ऑक्सिजन आणि कॅल्शियम यांना दोन-दोन. नायट्रोजनला तीन. कार्बनला चार. हेलियमला एकही हात नाही. त्याची सगळ्यांशी कायमची कट्टी!

नियम एकच आहे. कोणाचाही हात मोकळा राहता कामा नये. ऑक्सिजनचे दोन हात दोन हायड्रोजननी धरले की झाले पाणी. तीन पत्ते लागले म्हणून तीन गुण. कार्बनचे चार हात दोन ऑक्सिजननी दोन-दोन असे धरले की झाला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण श्वासातून बाहेर सोडतो तो वायू. नायट्रोजनचे तीन हात तीन हायड्रोजननी धरले की अमोनिया. कार्बनला चार हायड्रोजन लागले की मिथेन, म्हणजे गोबरगॅसमध्ये जळतो तो. चौघे खेळायला बसतात. प्रत्येकाला ७ पत्ते वाटायचे. बाकीचे मध्ये पालथे ठेवायचे. आपली पाळी आली की एक उचलायचा, एक टाकायचा. जुळले की खाली मांडायचे.

पण नुसते मांडून गुण मिळत नाहीत. ती वस्तू आपल्या गावात कुठे असते ते सांगावे लागते. अमोनिया मांडला तर म्हणायचे, "बर्फाच्या कारखान्यात, थंड करायला." त्या बर्फावरच आपल्या बोटींची मासळी टिकते. नाही सांगता आले तर पत्ते परत हातात. त्यामुळे आम्ही घरी जाऊन सारखे विचारत असतो, हे कशाचे, ते कशाचे. घरचे कंटाळतात. पण विचारले नाही तर गुण कसे मिळणार?

मोठ्या वर्गातल्या पुस्तकात या हातांना संयुजा म्हणतात. माझी ताई ते पाठ करत बसते. आम्हाला पाठ करावे लागले नाही. चार दिवस खेळलो आणि कार्बनला चार हात हे डोक्यात बसले ते बसले. गुरुजी म्हणाले की, अणूंना खरेच हात नसतात, आणि मिठातले सोडियम-क्लोरीन वेगळ्या रीतीने चिकटलेले असतात, ते पुढे शिकाल. पण सुरुवातीला हात पुरे आहेत. पोहायला शिकताना आधी पाठीला डबा बांधतात, तसेच हे.

आता शिंपल्यांचे बघा. आपल्या किनाऱ्यावर वाटेल तेवढ्या शिंपल्या पडलेल्या असतात. शिंपली म्हणजे एक कॅल्शियम, एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन, असे पाच पत्ते. शिंपल्या भट्टीत खूप तापवल्या की एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन हातात हात घालून हवेत निघून जातात. मागे राहतात कॅल्शियम आणि एक ऑक्सिजन. तो कळीचा चुना. पाचातून तीन गेले, दोन उरले. पहिलीचे गणित! त्या चुन्यावर पाणी घातले की तो चरचर आवाज करतो आणि चांगलाच तापतो. मग पाण्याचे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन त्यात येऊन बसतात आणि पुन्हा पाच पत्ते होतात. तो भिजवलेला चुना. आजीच्या पानाच्या डबीत असतो तो हाच. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे मी शिंपली खाते होय रे?"

ही झाली गमतीची गोष्ट. आता माझ्या म्हणण्यातली खरी गोष्ट सांगतो.

क्लोरीनचा पत्ता घ्या. तो सोडियमचा हात धरतो तेव्हा मीठ होते. ते आपण कालवणात घालतो. तोच क्लोरीन हायड्रोजनचा हात धरतो आणि पाण्यात उतरतो तेव्हा आम्ल होते. त्याने कातडी भाजते. संडास धुण्याच्या बाटलीत बहुधा तेच असते. आणि दोन क्लोरीन एकमेकांचेच हात धरून बसले की विषारी वायू होतो. पत्ता तोच, सोबत वेगळी. मोठी माणसे आम्हाला नेहमी सांगतात, संगत बघून राहा. क्लोरीनचेही तसेच आहे.

आता हे नीट वाचा, पालकांनो. विहिरीत टाकायची टी.सी.एल. पावडर पुष्कळांच्या ओळखीची आहे. तिच्यात मुख्य पदार्थ असतो त्याचे पत्ते असे : एक कॅल्शियम, दोन ऑक्सिजन, दोन क्लोरीन. संडासाच्या आम्लाचे चार जोड तिच्यासमोर मांडा. म्हणजे चार हायड्रोजन आणि चार क्लोरीन. एकूण १३ पत्ते झाले. आता हात बदलू द्या. चार हायड्रोजन दोन ऑक्सिजनकडे जातात, दोनदा पाणी होते. कॅल्शियम दोन क्लोरीन धरतो. उरले किती? चार क्लोरीन, एकटे. ते दोन-दोन मिळून वायू होतात आणि बाहेर पडतात. बंद मोरीत किंवा संडासात हा वायू झाला तर डोळे चुरचुरतात, खोकला येतो, श्वास कोंडतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून पावडर आणि आम्ल कधीही, कधीही एकत्र करायचे नाही. मांडण्याआधी १३ पत्ते होते आणि नंतरही १३च आहेत, मोजून बघा. एकही नवीन आला नाही, एकही हरवला नाही. म्हणजे विष बाहेरून आले नाही. ते तिथेच होते, हात सुटायची वाट बघत.

"दोन्ही एकत्र करू नका" असे भिंतीवर लिहिले असते तर आम्ही वाचून पुढे गेलो असतो. पण पत्त्यांवर ते चार क्लोरीन उरलेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, ते मी विसरणार नाही. आमच्या वर्गात पुष्कळ जणांनी घरी जाऊन बाटली आणि पावडर वेगवेगळ्या जागी ठेवायला लावली.

आपल्या भागात हे जास्त गरजेचे आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बोईसरची एम.आय.डी.सी. तिथे रंगांचे, औषधांचे, रसायनांचे कारखाने आहेत. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांचे बाबा, काका, दादा तिथे कामाला जातात. पिंपांवर काय लिहिले आहे ते सगळ्यांनाच वाचता येत नाही. वाचता आले तरी अर्थ लागत नाही. कवटीचे चित्र असले तर कळते, पण नाव काय, कशाजवळ ठेवू नये, ते कळत नाही. रिकामी पिंपे लोक पाणी भरायला घेतात ती वेगळीच गोष्ट. मला वाटते, ज्यांच्या घरी या वस्तूंची नावे रोज येतात त्या मुलांनी ती शिकायला मोठ्या वर्गापर्यंत का थांबावे? तोपर्यंत काहींची शाळाही सुटते.

काही पाहुणे विचारतात, "तारापूरची मुले तुम्ही, तुमच्या कॅटमध्ये युरेनियम कसा नाही?" प्रश्न चांगला आहे. आपल्या अणुवीज केंद्रातून २८ ऑक्टोबर १९६९ पासून विजेचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. ते भारतातले पहिले अणुवीज केंद्र. युरेनियमचा क्रमांक ९२ आहे. पण आमच्या खेळात पत्ते फक्त हात धरतात आणि सोडतात. पत्ता फाडायचा नाही हा नियम आहे. अणुभट्टीत युरेनियमचा पत्ताच फाटतो, म्हणजे अणूचा गाभा फुटतो, आणि त्याची उष्णता निघते. तो खेळच निराळा. म्हणून त्याला घेतला नाही. पण या एका प्रश्नामुळे कारखान्यातले रसायन आणि केंद्रातली अणुशक्ती यांतला फरक आम्हाला कळला. किती मोठ्या माणसांना तो सांगता येईल?

आता विरोधकांची उत्तरे देतो.

कोणी म्हणतात, पत्ते म्हणजे जुगार. जुगार पैसे लावल्याने होतो, पत्त्याने नाही. पैसे लावले तर गोट्यासुद्धा जुगारच. शिवाय गणपतीच्या जागरणाला पत्ते कोण खेळते? आम्ही तर तेव्हा झोपलेलो असतो!

कोणी म्हणतात, पत्त्यांनी कधी विद्या येते का? येते. आपल्या सावंतवाडीला गंजिफा करतात. ते गोल पत्ते असतात, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफ्यात मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतार आणि प्रत्येकाचे १२ पत्ते, म्हणजे १२० पत्ते असतात. खेळता खेळता दहा अवतार पाठ होतात. मूलद्रव्ये ११८ आहेत, म्हणजे गंजिफ्यापेक्षा दोनच कमी. दुसरे उदाहरण रशियाचे. मेंडेलीव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता केला. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्यांची नावे त्यांनी पत्त्यांवर लिहून पत्ते लावून बघितले असे सांगतात. काही जागी पत्ता सापडेना, तर त्यांनी त्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि म्हटले, इथला सापडेल. १८७५ साली गॅलियम सापडला आणि रिकाम्या जागेत बरोबर बसला. अमेरिकेत अंशुल समर नावाच्या भारतीय कुटुंबातल्या मुलाने तर शाळेत शिकत असतानाच रसायनशास्त्राचा पत्त्यांचा खेळ तयार केला. मग आम्हीच खेळलो तर काय बिघडले?

कोणी म्हणतात, हुशार मुलेच जिंकणार. तसे होत नाही. चांगला पत्ता कोणालाही येतो. पाड्यावरून येणारा एक मुलगा वर्गात कधी बोलत नसे. पण चुना कसा भाजतात ते त्याने पाहिलेले होते. त्या दिवशी त्यालाच सगळ्यात जास्त गुण मिळाले. बोईसरला कामाला आलेल्या लोकांची मुले घरी नमक म्हणतात, आम्ही मीठ म्हणतो. पत्त्यावर दोघांचे तेच, सोडियम आणि क्लोरीन. भांडायला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. पत्ता म्हणजे वस्तू नव्हे. कागदाच्या चुन्याला चटका लागत नाही. म्हणून खेळ झाल्यावर गुरुजींनी थोडे खरे करून दाखवावे. खायच्या सोड्यावर लिंबू पिळले की फसफसते, तेवढे दाखवले तरी आम्ही खूश. धोक्याचे मात्र पत्त्यांवरच राहू द्यावे. तिथे ते कोणाला भाजत नाही, हाच तर पत्त्यांचा फायदा आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, शनिवारी एक तास हा खेळ ठेवावा. दोन, पालकांनी जुन्या लग्नपत्रिका फेकू नयेत, शाळेला द्याव्यात. आणखी दोन कॅट करायचे आहेत, एकात लोखंड आणि गंधक घालायचे आहे. तीन, जे कारखान्यात कामाला जातात त्यांनी एकदा आमच्याबरोबर बसावे. पिंपावरची नावे तुम्ही सांगा, त्यांचे हात आम्ही शोधतो.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर डाव मांडणार आहोत. ज्यांना शंका असेल त्यांनी जरूर यावे. पत्ते ५२ आहेत. मोजून देऊ, मोजून घेऊ.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी