पिळलेल्या पाण्याची फिर्याद

पावसाळा लागला की सालेकसा-देवरीकडच्या आठवडी बाजारांत तरोट्याच्या कोवळ्या पाल्याचे ढीग दिसू लागतात. आणि तो पाला गंजात उकळायचा, निवल्यावर मुठीत दाबून त्याचे काळपट हिरवे पाणी पिळून टाकायचे आणि मग लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायचा, हा गोंदिया जिल्ह्यातील घरोघरचा दस्तूर आहे. आहारशास्त्राची चार पाने चाळलेल्या मंडळींनी या दस्तुराविरुद्ध अशी फिर्याद गुदरली आहे की, त्या पाण्याबरोबर भाजीचे सारे सत्त्व मोरीत जाते व ताटात उरतो तो चोथा.

फिर्याद सर्वस्वी निराधार नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आणि उष्णतेने नासणारे. फोलेटचीही गत तीच. आणि ज्यांच्या ऑक्सिडीकरणरोधक गुणाचा हल्ली एवढा डांगोरा पिटला जातो, त्या पॉलिफिनॉलांचाही बराच अंश त्याच वाटेने जातो. एवढे कबूल. परंतु ‘सारे सत्त्व’ हे म्हणणे दप्तरी दाखल करण्याजोगे नाही. बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळतच नाही. उलट उष्णतेने पेशींच्या भिंती सैल झाल्या म्हणजे ते फोडणीच्या तेलात उतरते व शरीरात अधिक सुलभतेने शोषले जाते. पानातील लोहही बहुतांशी पानातच राहते. शिवाय जे वाहून जाते ते सगळे हितकरच, हे कोणी ठरवले? विद्राव्य ऑक्झॅलेटे, नायट्रेटे आणि तरोट्याचा कडवटपणा यांनाही तीच वाट आहे. धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीने पेरलेल्या लाखोरीची डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले असता तिच्यातील पांगळेपणा आणणाऱ्या विषाचा मोठा भाग निघून जातो. ते पाणी जपून ठेवा, असे फिर्यादी मंडळी सांगतील काय?

पान कच्चे ठेवल्याने त्याचे सत्त्व सुरक्षित राहते, ही समजूत तर अधिकच भोळी. खुडलेल्या पानात विकरांचे काम चालूच असते, आणि बाजारात दुपारपर्यंत कोमेजलेल्या जुडीतले क जीवनसत्त्व चूल पेटण्याआधीच घटू लागलेले असते. दोन-तीन मिनिटांचे उकळते पाणी त्या विकरांना निष्क्रिय करते; म्हणूनच पालेभाजी गोठवण्यापूर्वी तिला हा संस्कार देतात. उष्णतेला सरसकट शत्रू ठरवणाऱ्यांनी गोंदियाच्या उसन्या तांदळाच्या गिरणीत एकवार डोकवावे: धान टरफलासकट भिजवून वाफवले असता ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत सरकते व पॉलिशनंतरही बरेचसे टिकते.

आता आमचा पक्ष. तरोटा बेलाशक पिळावा. मात्र पाणी खळखळू लागल्यावरच पाला टाकावा आणि मऊ होताच काढावा, कारण खरा अपराध उकळण्याचा नसून गंज अर्धा तास विस्तवावर विसरण्याचा आहे. मेथीला या सोपस्काराची गरज नाही. तिला झाकण ठेवून अंगच्याच पाण्यात शिजू द्यावे. राहिला क जीवनसत्त्वाचा तोटा. तो भाजी विस्तवावरून उतरल्यावर पिळलेल्या लिंबाने भरून निघतो, आणि पानातले लोह अंगी लागण्यासही तेच लिंबू उपयोगी पडते.