आंकडे आणि नाद

संगणकांतील गाणें यूएसबीच्या तारेनें ‘डॅक’कडे, म्हणजे आंकड्यांचा पुन्हां नाद करणाऱ्या यंत्राकडे, नेऊन ऐकण्याची हौस आतां रसिक घरांत दिसते. द्रव्य वेंचण्यापूर्वीं त्यामागील तत्त्व जाणणें इष्ट होय.

१९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडींत दर सेकंदास नादाचे ४४,१०० नमुने, १६ बिटांचे, असतात. ‘हाय-रेझोल्यूशन’ फायलींत ते बहुधा ९६,००० व २४ बिटांचे. नमुन्यांच्या निम्म्या संख्येइतक्या कंपनांपर्यंतचा नाद त्यांतून पुन्हां उभा करतां येतो, आणि मनुष्याच्या श्रवणाची मर्यादा सुमारें २०,००० कंपनें आहे. म्हणजे कानाची गरज सीडीच भागविते. अधिक आंकडे मुख्यतः ध्वनिमुद्रण करणारास उपयोगी.

डॅकचा गुण निराळा. असिंक्रोनस पद्धतींत जेवणाराच्या गतीनें वाढप्यानें वाढावें, तसें संगणक डॅकच्या घड्याळाप्रमाणें आंकडे पुरवितो. त्यामुळें कालमान बिघडत नाहीं.

परंतु गौहर जानच्या १९०२ सालच्या तबकडींत जें उमटलेंच नाहीं, तें मोठ्या फायलींत कोठून येणार? पेल्यांतलें दूध घागरींत ओतलें म्हणून वाढत नाहीं. यास्तव आंकडे पाहण्याआधीं मूळ मुद्रण पाहावें. आणि वांचलेल्या पैशांत घरांतील एखाद्या मुलास तंबोऱ्यापुढें बसवावें.