बिनतेलाचा माज

शनिवारी एअर फ्रायर घेऊन वडूजला गेलो. 200 डिग्री, बारा मिनिटं, बिनतेलाची कोळंबी! आई म्हणाली, "रबर झालंय रे." चूक माझीच, तिला पाच-सहा मिनिटं पुरतात.

पण मुद्दा वेगळाय. एअर फ्रायर तळत नाही राव, तो पंखा बसवलेला छोटा ओव्हन आहे. आणि बिनतेलाचं म्हणाल तर समुद्रापासून लांब, आमच्या दुष्काळी खटाव तालुक्यात आई बाजारातली सुकट कोरड्या तव्यावर कायम भाजत आली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मीच तिला म्हणालो होतो, "नको, वास येतो." आता हजारो रुपये मोजून त्यालाच 'हेल्दी' म्हणायचं?

यंत्र खुशाल वापरा. पण पुढच्या वेळी आई आली की सुकट भाजायची. खिडकी उघडू, बास!