झाडाला घरात घेऊ नका

"काय ओ आक्का, एवढ्या बर्फात त्या बारक्या झाडाला बाहेर ठेवलंय? जीव आहे की हो त्याला!" शिकागोजवळ लेकीकडे थंडीत गेले की आपल्यातली कुणी ना कुणी हे ऐकवतेच. वर टोला, "आपण जैन ना?" बोन्साय करणं हीच हिंसा, असंही म्हणतात. त्यावर मी भांडत नाही. फांदीला तार गुंडाळताना माझाही जीव कसनुसा होतो. खरं झाड आता कुंडीत आहे, आणि त्याला जगवायचं आहे.

ही दया मी करून बसले आहे. लेकीनं आठ वर्षं सांभाळलेलं बॉक्सवुड, वीतभर उंच, नखाहून लहान पानांचं. डिसेंबरात ती लग्नाला बेळगावला आली, घर माझ्यावर. वाफ्यात पुरलेली कुंडी मी उकरली आणि स्वयंपाकघरात, हीटरजवळच्या खिडकीत ठेवली. तीन आठवड्यांनी लेक परतली तेव्हा कोवळे कोंब आले होते. मी कौतुकानं दाखवले. ती मटकन खाली बसली. उबेनं जागं झालेलं झाड उणे पंधरात परत बाहेर कसं ठेवायचं? मार्चपर्यंत पानं हिरवीच होती. बॉक्सवुड मेल्यावरही बरेच दिवस हिरवं दिसतं. नखानं साल खरवडली तर आत तपकिरी.

हे थंड मुलखाचं झाड. दिवस लहान झाले की वाढ थांबवतं, झोपेची तयारी करतं. ती झोप मोडायची, हीटरच्या कोरड्या हवेत पानं सुकवायची, आणि म्हणायचं माया केली! तान्ह्या बाळाला रात्रभर दिवा लावून जागं ठेवतो काय आपण?

बाहेर ठेवायचं म्हणजे कठड्यावर टाकून द्यायचं असंही नव्हे. तेही करणाऱ्या आहेत. फांद्या सोसतात तेवढी थंडी मुळं सोसत नाहीत. जमिनीत मातीचं पांघरूण असतं, उथळ कुंडीत चारी बाजूंनी गारठा. शिवाय पानं गळत नाहीत. ऊन-वारा त्यांतलं पाणी ओढतो, गोठलेल्या मातीतून मुळांना वर पाणी देता येत नाही. बाहेर ठेवलेली कितीतरी झाडं अशी तहानेनं मरतात, आणि आपण म्हणतो, थंडीनं गेली. म्हणून कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरा, घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, वारा लागणार नाही तिथं. वर पालापाचोळा. जमीन नसेल तर हीटर नसलेलं गॅरेज, खिडकीपाशी, शून्य ते पाच अंशांत. माती गोठलेली नसेल आणि कोरडी वाटली तरच पाणी. उन्हाळा सरला की खत आणि कात्री दोन्ही बंद, नाहीतर उशिरा फुटलेले कोंब थंडीत करपतात. पानं तांबूस झाली तर घाबरू नका. बहुतेक वेळा वसंतात परत हिरवी होतात.

आता लेकीकडे दुसरं बॉक्सवुड आहे. परवा बर्फ इतका पडला की कुंडीची कडसुद्धा दिसेना. शेजारच्या वैनी खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "निदान एखादी शाल तरी घाला हो." मी त्यांना चहा दिला आणि दाराची किल्ली कनवटीला लावली.