धावपट्टीची डागडुजी आणि आपलं विमान

उन्हाळा आला की इकडच्या मराठी घरांत दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे भारतातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे यायचे, आणि दुसरी म्हणजे त्यांना विमानतळावर आणायला जाताना हायवेवरच्या नारिंगी पिंपांमध्ये तासभर रखडायचं. रस्त्यांप्रमाणेच धावपट्ट्यांची डागडुजीही बरीचशी याच दिवसांत निघते, कारण डांबराचं काम थंडीत नीट बसत नाही. फरक इतकाच, की गाडीवाल्याला पिंपं दिसली तर ब्रेक मारता येतो. ताशी दीडशे मैलांच्या आसपास वेगाने उतरणाऱ्या विमानाला ती चैन परवडत नाही.

धावपट्टी बंद करायची म्हणजे नुसती दोरी बांधून भागत नाही. तिचे दिवे मालवतात, दोन्ही टोकांना इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची भलीमोठी फुली मांडतात, ती रात्री उजळते. उतरण्याचा मार्ग दाखवणारे रेडिओ संकेत बंद करतात. आणि या सगळ्याची सूचना, जिला वैमानिक ‘नोटॅम’ म्हणतात, ती उड्डाणापूर्वी वैमानिकांच्या हातात पडते. कागदावर सगळं कसं चोख. तरीही घोटाळा कसा होतो, हे पाहायला आम्हांला फार लांब जायला नको. आपल्या बे एरियातच जाऊ.

7 जुलै 2017. रात्रीचे बारा वाजायला काही मिनिटं कमी. टोरोंटोहून आलेलं एअर कॅनडाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. आत 140 माणसं. तिथे 28 लेफ्ट आणि 28 राइट अशा दोन समांतर धावपट्ट्या आहेत, मध्ये अंतर 750 फूट. राइटच्याही उजवीकडे टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीकडे जायचा रस्ता. त्या रात्री कामासाठी 28 लेफ्ट बंद होती, दिवे मालवलेले. विमानाला परवानगी 28 राइटची.

आता चाळीतलं उदाहरण घ्या. रात्री अंधारात तुम्ही घर ओळखता ते ‘दिवा असलेलं दुसरं दार’ म्हणून. पहिल्या घराचा दिवा गेला, तर तुम्ही बिनदिक्कत शेजाऱ्याचं दार ठोठावणार! वैमानिकांचं नेमकं हेच झालं. दोन उजळलेले पट्टे दिसणार अशी मनाची तयारी, आणि दिसलेही दोनच. त्यांतला डावा खरं तर 28 राइट होता, आणि उजवा टॅक्सीवे. त्यावर चार विमानं ओळीने उभी होती, पोटात इंधन भरून. पहिलं सिंगापूरला निघालेलं, दुसरं मनिलाला.

धावपट्टीवर दिवे दिसताहेत, अशी शंका वैमानिकाने टॉवरला विचारली. उत्तर आलं, की 28 राइटवर तुमच्याशिवाय कोणी नाही. उत्तर अगदी खरं होतं! खाली उभ्या असलेल्या पहिल्या विमानाच्या वैमानिकाला मात्र संकट दिसलं आणि तो रेडिओवर ओरडला. मनिलावाल्यांनी आपले मोठे दिवे लावले. वरच्या वैमानिकांनाही तोवर काहीतरी खटकलं आणि त्यांनी विमान वर घेतलं. घेता घेता ते जमिनीपासून सुमारे 60 फुटांपर्यंत आलेलं होतं. दुसऱ्या विमानावरून ते गेलं तेव्हा मध्ये अंतर उरलं 10 ते 20 फूट, असा हिशोब एनटीएसबी या चौकशी मंडळाने मांडला. पाचही विमानं मिळून माणसं हजारावर.

चौकशीत जे निघालं ते आम्हांला अपघातापेक्षाही बोलकं वाटतं. धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना मिळाली होती, 27 पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर! या नोटॅमांना मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी सरळ ‘कचरा’ म्हटलं. शिवाय रेडिओ संकेताची वारंवारता हाताने लावायची होती, ती राहून गेली. टोरोंटोच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत आलेले. आणि टॉवरमध्ये त्या वेळी एकच माणूस दोन जागांचं काम सांभाळत होता. यातलं एकेकटं काहीच भयंकर नाही, बरं का.

1979 साली दैव एवढं मेहेरबान नव्हतं. 31 ऑक्टोबरच्या पहाटे, लॉस एंजेलिसहून आलेलं वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-10 मेक्सिको सिटीला धुक्यात उतरलं ते दुरुस्तीसाठी बंद असलेल्या डाव्या धावपट्टीवर. मार्गदर्शन डावीच्या रोखाने घ्यायचं आणि अखेरीस सरकून उजवीवर उतरायचं, अशी तिथली अजब व्यवस्था. डावी बंद असल्याचं टॉवरने सांगितलंही होतं. विमानाचं चाक मातीने भरलेल्या ट्रकवर आपटलं. विमानातले 72 आणि ट्रकचा चालक गेला.

काम संपल्यावरही जोखीम संपतेच असं नाही. नव्या डांबरात पाणी निचरून जायला आडव्या चरा पाडतात, पण डांबर मुरेपर्यंत त्या पाडता येत नाहीत. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये काँगोन्यास विमानतळाची मुख्य धावपट्टी 2007 च्या जूनअखेरीस अशी बिनचरांचीच खुली केली. 17 जुलैला पावसात टीएएमचं विमान तिच्यावर थांबलं नाही. 199 बळी. एका इंजिनाचा दांडा मागे ओढलेला नव्हता हे तिथलं मोठं कारण, पण ओल्या, छोट्या पट्टीने त्या चुकीला जराही सवलत दिली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोनंतर मात्र हालचाल झाली. रात्री शेजारची समांतर पट्टी बंद असताना तिथे नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरू देणं बंद झालं; रेडिओ संकेताचा आधार घ्यावाच लागतो. मोठ्या विमानतळांच्या जमिनीवरच्या रडारला, विमान टॅक्सीवेच्या रोखाने येत असेल तर टॉवरमध्ये गजर वाजवायला शिकवलं गेलं. नोटॅमांचं यंत्र मात्र इतकं जुनाट राहिलं, की 11 जानेवारी 2023 च्या सकाळी ते बिघडलं आणि देशभरातली उड्डाणं काही तास अडकली.

आणि आपली मुंबई? तिथे तऱ्हाच वेगळी. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे नाक्यावर काम निघालं की दोन्ही बंद! एका दृष्टीने हे बरंच, गोंधळ घालायला दुसरी पट्टी उरतच नाही. पावसाळ्याआधी एक दिवस विमानतळ सहा तास पूर्ण थांबवतात. 2024 साली 9 मे रोजी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 असा तो थांबला होता. मे महिन्यात आई-बाबांचं तिकीट काढताना एजंटाला त्या वर्षाची तारीख तेवढी विचारून घ्या.